छात्राध्यापकाची चारित्र्य पडताळणी

बी.एड.चा अभ्यासक्रम २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांचा झाला आणि शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ (आंतरवासिता) वीस आठवड्यांचा झाला. त्यातले चार आठवडे पहिल्या वर्षी, सोळा दुसऱ्या वर्षी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या एखाद्या कॉलेजची विद्यार्थिनी त्यामुळे जवळपास पाच महिने कुठल्यातरी गावच्या शाळेत असते. ती हजेरी घेते, पाठ घेते, वह्या तपासते. सहावीतल्या मुलीच्या पोटात दुखतंय म्हटल्यावर तिला बाजूला घेऊन बसते, तिच्या आईला फोन लावते. मुलांच्या दृष्टीने ती ‘मॅडम’च असते. तिची नेमणूक झालेली नाही, तिला पगार नाही, तिचं नाव शाळेच्या हजेरीपत्रकावर नाही, हे मुलांना कुठून माहीत असणार?

डी.एल.एड.चे छात्राध्यापक, समाजकार्याच्या क्षेत्रकार्यासाठी बालगृहात जाणारे विद्यार्थी, बालरोग विभागात ड्युटी लागलेल्या नर्सिंगच्या मुली, या सगळ्यांचं असंच आहे. २०२४ पासून त्यांत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या प्रशिक्षणार्थींची भर पडली. त्यांच्यातले अनेक जण जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये रुजू झाले. ही सगळी शिकाऊ माणसं रोज लहान मुलांमध्ये वावरतात. म्हणून काही शाळा आणि संस्था आता त्यांच्याकडे पोलिसांचा दाखला मागू लागल्या आहेत. त्याचं सरकारी नाव चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. कॉलेजच्या कट्ट्यावर त्याला ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ म्हणतात. हा कागद कुठून निघतो, त्यात काय असतं आणि काय नसतं, हे विद्यार्थ्याला कुणी नीट सांगत नाही. मागणाऱ्या मुख्याध्यापकांनाही पुष्कळदा ते ठाऊक नसतं. माझं म्हणणं असं आहे की हा दाखला मागायलाच हवा. पण त्यावर किती भार टाकायचा हे कळलं नाही, तर त्याने मुलंही सुरक्षित होत नाहीत आणि एखाद्या निरपराध विद्यार्थ्याचं वर्ष मात्र वाया जातं.

आपल्याकडे चारित्र्याचे दाखले नवे नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यापुढे ‘चांगली’ असं लिहिलेलं असतं. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीच्या दाखल्यावर ते असतं, आणि वर्षभर शाळेकडे न फिरकलेल्या मुलाच्या दाखल्यावरही असतं. सरपंचांचा दाखला, पोलीस पाटलांचा दाखला, कॉलेजचं बोनाफाईड यांचीही तीच कथा. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहायचे, एवढीच त्यांची पोच. पोलिसांचा दाखला यापेक्षा वेगळा आहे, कारण तो कुणाच्या मतावर उभा नसतो, तो नोंदींवर उभा असतो. त्याचं बळही त्यातच आहे आणि त्याची मर्यादाही त्यातच.

मुलांशी संबंध येणाऱ्या माणसांची पोलीस पडताळणी करणं ही आता केवळ चांगली पद्धत राहिलेली नाही, तो नियम आहे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले. त्यांतला तिसरा नियम सांगतो की मुलांना ठेवून घेणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती शाळा असो, पाळणाघर असो की क्रीडा अकादमी, आपल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी केलीच पाहिजे. कर्मचारी शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी, कुणालाही सूट नाही. नियम चांगला आहे आणि स्पष्टही आहे. पण त्याचा सगळा रोख कर्मचाऱ्यावर आहे. छात्राध्यापक हा शाळेचा कर्मचारी नाही. कॉलेज म्हणतं, आम्ही त्याला फक्त पाठवलं, मुलं तर शाळेची. शाळा म्हणते, तो आमचा माणूस नाही, कॉलेजने पत्र दिलं म्हणून आम्ही त्याला घेतलं. या दोघांच्या मधल्या फटीतून एक माणूस वीस आठवडे वर्गात उभा राहतो आणि त्याची पडताळणी नेमकी कुणी करायची, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

बदलापूरनंतर हे सगळं ऐरणीवर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या त्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. आरोप होता तो कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर, आणि तो शाळेत येऊन महिनाही झाला नव्हता. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांच्यासोबत शाळेत नेमल्या जाणाऱ्या माणसांची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून करून घेण्याची सूचना होती. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, गाडीचा चालक यांच्यासाठी ती विशेषच गरजेची होती. पण छात्राध्यापक अशा यादीत कुणाला सहजी आठवत नाही. शिकायला आलेलं पोर म्हणून त्याच्याकडे पाहिलं जातं. त्यामुळे आज ज्या शाळा त्याच्याकडे दाखला मागतात, त्या बहुतेक स्वतःच्या शहाणपणाने मागतात. त्यांचं कौतुक केलं पाहिजे.

आता हा कागद निघतो कसा ते पाहू.

अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा. फोटो, सही, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि दाखला कशासाठी हवा त्याचं पत्र, एवढं लागतं. या शेवटच्या पत्राकडे विद्यार्थ्यांचं हटकून दुर्लक्ष होतं. कॉलेजच्या लेटरहेडवर ‘अमुक विद्यार्थिनीला अमुक शाळेत अमुक तारखेपासून आंतरवासितेसाठी पाठवत आहोत, त्यासाठी चारित्र्य पडताळणी आवश्यक आहे’ एवढं लिहून घेतलं की पुढचे निम्मे प्रश्न मिटतात. शुल्क ऑनलाइनच भरायचं असतं. ते भरल्यावर ठाण्यात किंवा घरी येणाऱ्या कुणालाही चहापाण्याचे म्हणून काही द्यायचं नसतं. कुणी मागितलंच, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात जातो, तिथून अर्जदाराच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात. ठाण्यात हे काम बहुधा गोपनीय शाखेच्या अंमलदाराकडे असतं. ‘गोपनीय’ हे नाव ऐकून विद्यार्थी दचकतात, पण पासपोर्टपासून नोकरीपर्यंतच्या पडताळण्या हाच माणूस करत असतो. त्याचा फोन येतो: “तुमचा व्हेरिफिकेशनचा अर्ज आलाय, मूळ कागदपत्रं घेऊन या.” काही ठाण्यांत ओळखीची दोन माणसं सोबत आणायला सांगतात, काही ठिकाणी हवालदार स्वतः गल्लीत येऊन शेजाऱ्यांना विचारतात. शिरपूर किंवा साक्रीच्या खेड्यात हा प्रश्न पोलीस पाटलांकडे जातो. “आमना गावनी पोर शे, काही तक्रार नही,” एवढ्या एका वाक्यात चौकशीचा हा भाग उरकतो. या वाक्याला आपलं मोल आहे. ज्या गावात ती मुलगी लहानाची मोठी झाली, त्या गावाने तिच्याबद्दल दिलेली ती साक्ष असते.

पण खरी तपासणी ठाण्याच्या आत होते. पूर्वी अंमलदार एकेका वर्षाचं गुन्हे रजिस्टर काढून नाव शोधत बसायचा. केंद्र सरकारने २००९ मध्ये मंजूर केलेल्या सीसीटीएनएस या प्रणालीने देशभरातली पोलीस ठाणी संगणकाने जोडली आणि आता नाव टाकून शोध घेता येतो. सोय मोठी झाली, पण खानदेशात तिला एक अडचण आहे, ती नावांची. सातपुड्याच्या पायथ्याशी अशी गावं आहेत जिथे जवळपास सगळं गाव पावरा आडनावाचं आहे. चाळीसगाव, पारोळा, अमळनेर या बाजूला पाटील तर पावलोपावली. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही जुळणारी दोन माणसं एकाच तालुक्यात निघाली तर नवल नाही. त्यात आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, एफआयआरमध्ये घाईत लिहिलेलं तिसरं. मग दुसऱ्याच कुणाचा मारामारीचा गुन्हा या विद्यार्थ्याच्या नावासमोर दिसतो आणि अर्ज अडकतो. अशा वेळी घाबरून घरी बसू नये. गुन्हा रजिस्टर नंबर विचारून घ्यावा, ज्याला पोलिसी बोलीत गु.र.नं. म्हणतात. त्या गुन्ह्यातल्या आरोपीचं वय, पत्ता आणि वडिलांचं नाव तपासावं आणि ‘ती व्यक्ती मी नव्हे’ असा लेखी अर्ज कागदपत्रांसह ठाण्यात देऊन त्याची पोच घ्यावी. बोटांच्या ठशांवर पडताळणी झाली असती, तर ही अडचण आलीच नसती. ठसे लावून माणसं ओळखण्याच्या शास्त्राचा पाया आपल्याच देशात घातला गेला होता: १८९७ मध्ये कोलकात्यात फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पण विद्यार्थ्याच्या साध्या दाखल्यासाठी शोध आजही मुख्यतः नावावरच चालतो.

दुसरी अडचण पत्त्याची. तळोद्याचा मुलगा तीन वर्षं धुळ्यात खोली करून राहतो, त्याआधी दोन वर्षं जळगावच्या वसतिगृहात होता. अर्जात त्याने फक्त गावचा पत्ता लिहिला, तर चौकशी होते फक्त गावच्या ठाण्यात, आणि जिथे त्याने तारुण्याची पाच वर्षं काढली, त्या शहरांतल्या ठाण्यांत कुणी काही विचारत नाही. शाळेच्या दृष्टीने अशा दाखल्याचा उपयोग अर्धाच. म्हणून राहिलेल्या सगळ्या ठिकाणांचे पत्ते, किती काळ राहिलो त्यासकट, प्रामाणिकपणे लिहावेत. वेळ थोडा जास्त लागेल, पण दाखला खरा होईल.

शेवटी अधीक्षक कार्यालयातून जो कागद येतो, त्याचा मजकूर साधारण असा असतो की सदर इसमाविरुद्ध संबंधित पोलीस ठाण्याच्या अभिलेखावर प्रतिकूल नोंद आढळून आली नाही. हे वाक्य मुख्याध्यापकांनी सावकाश वाचावं. हा माणूस चांगला आहे असं त्यात म्हटलेलं नाही. त्याने कधी काही वाईट केलं नाही असंही नाही. त्या दिवशी, त्या ठाण्याच्या नोंदीत त्याच्याविरुद्ध काही सापडलं नाही, इतकंच. मुलांवरच्या अत्याचारांच्या किती तक्रारी ठाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत, घरातच दाबल्या जातात, हे आपण सगळे जाणतो. जे कधी लिहिलंच गेलं नाही, ते संगणकात कुठून सापडणार?

इंग्लंडला हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला. २००२ च्या ऑगस्टमध्ये सोहम या छोट्या गावात दहा वर्षांच्या दोन मैत्रिणींची हत्या झाली. मारेकरी इयन हंटली गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. नोकरीला लागण्यापूर्वी तो दुसऱ्या परगण्यात राहत असताना त्याच्याविरुद्ध लैंगिक गुन्ह्यांच्या तक्रारी पोलिसांकडे वारंवार आल्या होत्या. पण शिक्षा कशातच झाली नव्हती, नोंदी नीट ठेवल्या गेल्या नव्हत्या आणि एका पोलीस दलाची माहिती दुसऱ्या दलाला मिळाली नाही. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशी समितीने २००४ मध्ये अहवाल दिला, त्यातून २००६ चा कायदा आला आणि पुढे २०१२ मध्ये आज इंग्लंड आणि वेल्समध्ये चालणारी डीबीएस ही पडताळणीची व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हाच तिच्यात चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. शाळेला नाही, कॉलेजला नाही. पोलिसांनी पडताळणी करताना ती पाहिली, तरच तिचा शाळेला उपयोग.

बदलापूरमध्येही नुसत्या पडताळणीने सगळं टळलं असतं, असं मला वाटत नाही. त्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत बसावं लागलं. शाळेतलं सीसीटीव्ही चित्रण मिळालं नाही. मुलींचं म्हणणं वेळेत ऐकून घेणारं कुणी नव्हतं. दाखला हा दारावरचा पहिला अडसर आहे, आतली काळजी त्याने संपत नाही.

खानदेशात पोलिसांच्या नोंदीचा प्रश्न केवळ कागदाचा राहत नाही, त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातले भिल्ल सहजासहजी नमले नाहीत. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रमने खानदेश भिल्ल कोअर उभी केली, तिचं ठाणं आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला. भिल्लांनीच भिल्लांचा बंदोबस्त करायचा, ही त्यामागची युक्ती. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याने जातच्या जात जन्मतः गुन्हेगार ठरवली. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, ठसे द्यायचे, हे सगळं त्या जातीत जन्म घेतल्याबद्दल. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणून विमुक्त जमाती आजही तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण संशय गेला नाही. चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर, हे अजून बंद झालेलं नाही.

अशा वस्तीतला एखादा मुलगा डी.एल.एड.ला येतो. घराण्यात पहिला. त्याच्या काकाला पोलिसांनी तीनदा उचललं आणि तीनदा सोडून दिलं. घराचा पत्ता सांगितला की अंमलदाराचा आवाज बदलतो. या मुलाला पडताळणीचा कागद जळगावातल्या अजिंठा चौफुलीवरच्या कॉलनीत राहणाऱ्या मुलापेक्षा वेगळा वाटणार, यात नवल काय? त्याला माहीत असायला हवं की पडताळणी व्यक्तीची असते. काकाच्या नोंदीने पुतण्याचा दाखला अडवता येत नाही. आडनाव आणि वस्ती ही प्रतिकूल नोंद नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात बजावलं आहे की मागास समाजातून किंवा अनुसूचित जाती-जमातींतून आलेल्या निरपराध माणसांच्या नावाने पोलिसांनी यांत्रिकपणे इतिहासपत्रकं उघडू नयेत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरच्या सुकन्या शांता खटल्याच्या निकालात विमुक्त जमातींना केवळ त्यांच्या जन्मावरून पकडलं जाऊ नये, याकडे न्यायालयाने पोलिसांचं लक्ष वेधलं. कॉलेजच्या प्राचार्यांनी अशा विद्यार्थ्यासोबत एकदा ठाण्यात जावं. त्यांच्या नुसत्या उपस्थितीने पुष्कळ गोष्टी सरळ होतात.

नोंद खरोखरच असेल तर? इथे विद्यार्थी सगळ्यात जास्त चुकतात, कारण भीतीने लपवतात. सगळ्या नोंदी सारख्या नसतात. अदखलपात्र तक्रार म्हणजे एनसी वेगळी, एफआयआर वेगळा, दोषारोपपत्र वेगळं आणि शिक्षा वेगळी. निवडणुकीच्या किंवा गणपतीच्या आधी गावातल्या दहा-वीस पोरांना प्रतिबंधक नोटिसा दिल्या जातात, त्या तर गुन्ह्याबद्दल नसतातच. शांतता राखण्याची हमी घेण्यासाठी असतात. करोनाच्या टाळेबंदीत दुधाची पिशवी आणायला बाहेर पडलेल्या मुलांवरही भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हे दाखल झाले होते. पुढे नोकरी, पासपोर्ट आणि पडताळणीत ते गुन्हे आडवे येऊ लागले. शेवटी २०२२ मध्ये तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे-पाटील यांनी ते मागे घेण्याची घोषणा केली. ज्याच्या नावावर असा गुन्हा होता, त्याने तो प्रत्यक्षात कोर्टातून निघाला का, हे एकदा पाहून घ्यावं आणि आदेशाची नक्कल फाइलला लावून ठेवावी.

अठरा वर्षांखाली असताना हातून काही घडलं असेल, तर त्यासाठी कायदा फार समजूतदार आहे आणि तो प्रत्येक कॉलेजात सांगितला गेला पाहिजे. बारावीनंतर लगेच डी.एल.एड.ला आलेली कित्येक मुलं नुकतीच अठरा पूर्ण झालेली असतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की बालकाचं प्रकरण प्रलंबित असो, बंद झालेलं असो की निकाली निघालेलं असो, चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी त्याची नोंद उघड करायची नाही. कलम २४ म्हणतं की अशा प्रकरणामुळे पुढे कुठलीही अपात्रता येत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या आणि घृणास्पद गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेल्या मुलाचा. बालपणीच्या चुकीनंतर माणसाला नव्याने सुरुवात करता यावी, हे तत्त्व त्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. सोळाव्या वर्षी मोटरसायकल पळवण्याच्या प्रकरणात अडकलेला मुलगा बाविसाव्या वर्षी गणित शिकवायला उभा राहत असेल, तर मला त्यात समाजाचं यशच दिसतं.

अठरानंतरच्या खऱ्या गुन्ह्याबद्दल मात्र लपवाछपवी करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात नोकरीच्या संदर्भात याचा सविस्तर विचार केला. माहिती विचारली असता ती दडवणं ही स्वतंत्र बाब आहे, पण क्षुल्लक गुन्हा, तरुण वय, निर्दोष सुटका या सगळ्याचा विचार मालकाने करावा, असा त्याचा मथितार्थ. त्याआधी २०११ मध्ये दिल्लीच्या संदीप कुमार प्रकरणात तरुणपणीच्या चुकीबद्दल आयुष्यभर शिक्षा देऊ नये, असं सांगताना न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मधल्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली होती. हे निकाल सरकारी नोकरीचे आहेत, आंतरवासितेला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण निर्णय घेणाऱ्या मुख्याध्यापकांनी त्यांतली दृष्टी घ्यावी. मुलांवरच्या किंवा बायकांवरच्या अत्याचाराचा गुन्हा असेल, तर तडजोड नाही. बाकी बाबतीत गुन्हा कसला, कधीचा, त्याचं पुढे काय झालं, हे विचारून ठरवावं. आणि जे कळलं ते स्टाफरूममध्ये चघळू नये. दाखल्याची प्रत शाळेच्या बंद कपाटात ठेवावी, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये.

खानदेशची मुलं आता बालसंगोपनाच्या किंवा नर्सिंगच्या शिक्षणासाठी परदेशातही जातात. कॅनडात अशा विद्यार्थ्याला प्रॅक्टिकमआधी ‘व्हल्नरेबल सेक्टर चेक’ करून घ्यावा लागतो. मुलं, वृद्ध, अपंग यांच्यासोबत काम करणाऱ्यांसाठीची ती खास तपासणी. त्यात विद्यार्थ्याची जन्मतारीख आणि लिंग एखाद्या माफी मिळालेल्या लैंगिक गुन्हेगाराशी जुळलं, तर बोटांचे ठसे द्यायला बोलावतात. त्याचा अर्थ संशय आहे असा नसतो. जळगावची आई फोनवर हे ऐकून घाबरी होते, तिला हे आधीच समजावून सांगावं. भारतातल्या पोलिसांचा दाखला तिथे हवा असेल, तर तो पासपोर्ट कार्यालयाकडून घ्यावा लागतो. इथल्या अधीक्षक कार्यालयाचं प्रमाणपत्र त्या कामाला चालत नाही.

आता वेळेबद्दल. आंतरवासिता सोमवारी सुरू होणार आणि शनिवारी अर्ज करायचा, असं करू नये. सहामाही परीक्षेच्या सुमारासच अर्ज घालावा. सणांच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत पोलीस बंदोबस्तात असतात, तेव्हा पडताळणी मागे पडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिसूचित सेवा, त्यांची मुदत, शुल्क आणि अपिलीय अधिकाऱ्यांची नावं फलकावर लावायची असतात. तो फलक वाचावा. मुदत उलटली, तर खात्यातच पहिलं आणि दुसरं अपील करता येतं आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. अर्जाची पावती जपून ठेवली नसेल, तर यातलं काहीच करता येत नाही. दाखला येईपर्यंत विद्यार्थ्याला घरी बसवण्यापेक्षा शाळेने त्याच्याकडून स्वयंघोषणापत्र घ्यावं, त्याला मार्गदर्शक शिक्षकांसोबतच वर्गात बसू द्यावं आणि मुलांसोबत एकट्याने थांबू देऊ नये. ही शेवटची अट खरं तर दाखला आल्यावरही पाळावी, आणि ती कायम शिक्षकांनीही पाळावी. शिक्षकांचंही त्यात संरक्षणच आहे.

पडताळणीच्या कागदासोबत कॉलेजने विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट शिकवून पाठवली पाहिजे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल, त्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद. पडताळणीचा नियम छात्राध्यापकाला विसरला असेल, हे कलम मात्र त्याला विसरलेलं नाही. डी.एल.एड.च्या मुलीला दुसरीतली छकुली मधल्या सुट्टीत हळूच काही सांगते, तेव्हा त्या विद्यार्थिनीने काय करायचं? मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवायचं. मार्गदर्शक शिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना सांगायचं. ‘आपल्या शाळेचं नाव खराब होईल’ असं उत्तर आलं, तर १०९८ या चाइल्डलाइनला किंवा थेट पोलीस ठाण्यात कळवायचं. कॉलेजने हे तिला आंतरवासितेच्या पहिल्या आठवड्याआधी, एका तासिकेत, नाव-नंबरांसह सांगावं, आणि ज्या प्राध्यापकांना ती रात्रीही फोन करू शकेल, त्यांचा क्रमांक तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा.